अप्पांना माफीनाम्यावर सही करायला लावू नका, आधी हे वाचा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. अप्पा लिंगायत प्रवचनकार, गडहिंग्लजकडच्या कार्यक्रमात मूर्तिपूजा आणि कर्मकांडावर बोलले, कुणीतरी त्यातला अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापून फिरवला, आणि आता पोलीस ठाण्यातून फोन येतोय की एक माफीनामा लिहून द्या, विषय इथंच मिटवू. घरचे पण म्हणतायत द्या लिहून, कशाला वाढवायचं. हेच वाक्य आमच्या घरानं ऐकलंय म्हणून एवढं लांब लिहितोय. मी वकील नाही, आमची केस जुन्या कायद्यातली, तुमची नव्या, तेव्हा कलमं वकिलाकडनं तपासून घ्या. वकील करायचा, ठाण्यात एकट्यानं जायचं नाही, ग्रुपवर भांडत बसायचं नाही हे तुम्हाला कळतंच, त्यात जात नाही.

माझे मामा निवृत्त प्राथमिक शिक्षक, सत्यशोधक पद्धतीची लग्नं लावतात. कोल्हापुरात हे नवीन नाही, शाहू महाराजांच्या काळात 1911 ला इथं सत्यशोधक समाज सुरू झाला, आमच्या पणजोबांचं लग्न पण तसंच लागलेलं. एका लग्नात मामांनी नेहमीसारखं भटजीशिवाय लग्न का लावायचं ते सांगितलं, कुणीतरी क्लिप काढली, पुढचा-मागचा भाग कापला, आणि दुसऱ्या दिवशी ठाण्यासमोर घोळका. कुठलं ठाणं ते लिहीत नाही.

मामांना सकाळी "जरा येऊन जावा" म्हणून बोलावलं आणि दिवेलागणीपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. शुगरचा माणूस, डबा आत नेऊ दिला नाही. ना लेखी नोटीस, ना साक्षीदार म्हणून बोलावलंय की आरोपी म्हणून ते कोण सांगेल. बाहेर घोषणा चाललेल्या. मग कॉम्प्युटरवरनं एक कागद काढून पुढं ठेवला, मजकूर तयार, फक्त नाव-पत्ता भरायचा. त्यात वाक्य होतं, "मी जाणूनबुजून धार्मिक भावना दुखावतील असे वक्तव्य केले". मामांनी खिशातलं पेन काढून त्यातले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले, चाळीस वर्षांची सवय, आणि खाली सही केली. "जाणूनबुजून" तसंच राहिलं. माझ्या डोळ्यासमोर आजही तो कागद आहे, निळ्या शाईतल्या दुरुस्त्या आणि मधोमध तो शब्द.

आम्ही घरी पोचायच्या आत त्या कागदाचा फोटो ग्रुपवर आला. ठाण्यातनंच बाहेर गेला असणार, दुसरं कुणी आत नव्हतं. आणि मिटवतो म्हणणाऱ्यांनी त्याच रात्री 295-अ खाली गुन्हा दाखल केला, वर आम्हालाच सांगितलं, "त्यांनी कबूलच केलंय की".

आता यातली खरी मेख बघा. 295-अ म्हणजे आताचं भारतीय न्याय संहितेचं 299 कलम. 3 वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र, अजामीनपात्र. पण नुसत्या भावना दुखावल्या म्हणून ते लागत नाही, मुद्दाम आणि दुष्ट हेतूनं धर्माचा अपमान केला असं दाखवावं लागतं. हे 1957 पासून सुप्रीम कोर्ट सांगतंय, ते कलम वैध ठरवलं तेच या जोरावर. म्हणजे सरकारी बाजूला सगळ्यात अवघड असतं ते हेतू सिद्ध करणं, आणि त्या छापील कागदावर तोच तुमच्याकडनं लिहून घेतात. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, नव्या साक्ष्य अधिनियमाचं 23 कलम, जुन्या कायद्यात ते 25 होतं, आमच्या वकिलांनी तेच मांडलं. पण कोर्टात न चालणारा कागद गावात चालतो ना. नातेवाईक, शाळेतले जुने सहकारी, सगळ्यांनी तो फोटो पाहिला होता. मुंबईला हायकोर्टानं केस रद्द केली त्याची बातमी कुणी फॉरवर्ड केली नाही.

तेव्हा माफीनामा नाही, खुलासा द्या. अप्पांच्या शब्दांत, साधा: कार्यक्रम काय होता, कुणासाठी होता, विषय काय होता, पूर्ण भाषण असं आहे, क्लिप कापलेली आहे, कुणाचा अपमान करायचा हेतू नव्हता. वाईट वाटलं असेल तर खेद आहे एवढं लिहायला हरकत नाही असं माझं मत, काही वकील तेही नको म्हणतात. दोन प्रती करा, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा. आणि फोनवर बोलावलं म्हणून पळत जाऊ नका, लेखी नोटीस मागा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 ची नोटीस, म्हणजे पोलिसांपुढं हजर राहायची, व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2025 मध्ये सांगितलंय. अप्पा साठीच्या पुढचे असतील आणि साक्षीदार म्हणून बोलावलं असेल तर जबाब घरी येऊन घ्यायला लागतो. अजून एक, 28 मार्च 2025 चा निकाल वकिलांना दाखवा, गुजरातमधल्या एका कवितेवरच्या गुन्ह्याचा. बोलण्या-लिहिण्यावरून 3 ते 7 वर्षांच्या आतल्या शिक्षेचा गुन्हा असेल तर आधी 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करणं योग्य, असं त्यात आहे.

कुणी म्हणेल हा असले कायदेच नकोत म्हणतोय. नाही. 7 जून 2023 ला कोल्हापुरात सोशल मीडियावरच्या स्टेटसवरनं काय झालं ते मी बघितलंय, नेट बंद, दगडफेक, कुणाची तरी दुकानं फुटलेली. लोकांना लोकांवर सोडणाऱ्यांना आत टाकायलाच पाहिजे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं सगळ्या राज्यांना सांगितलं की द्वेषाच्या भाषणावर तक्रारीची वाट न बघता गुन्हा दाखल करा, ते बरोबरच होतं. पण ठाण्यात पोचेपर्यंत त्याचं "वरनं ऑर्डर आहे" एवढंच उरतं आणि गुन्हा कुणावर ते बाहेर घोळका केवढा यावर ठरतं. एखाद्या समाजाला मारा-हाकला म्हणणारा आणि देव देवळात नाही म्हणणारा अप्पांसारखा माणूस, दोघं एकाच कलमात कसे बसतील? ह्या मातीत धर्मावर बोलणं म्हणजे दुसऱ्याच्या रूढीवर बोलणं आलंच, बसवण्णा घ्या, तुकोबा घ्या, जोतीराव घ्या. पंचविसाव्या अनुच्छेदात धर्माचा प्रचार करायचा हक्क आहे तो फक्त आरती म्हणण्यापुरता नाही. शिक्षा झाली नाही तरी माणूस गप्प बसतो. मामा अजून लग्नं लावतात, भाषण करत नाहीत. मला सगळ्यात जास्त लागलंय ते हे.

हातकणंगले ठाण्यातली प्राध्यापकाच्या स्टेटसची केस पण वकिलांना माहीत असेल, विषय राजकीय होता, कलम 153-अ, म्हणजे समाजासमाजांत वैर वाढवणं. हायकोर्टानं रद्द करायला नकार दिला, 7 मार्च 2024 ला सुप्रीम कोर्टानं रद्द केली. शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर मनाच्या माणसावर काय होईल ते बघायचं, कमकुवत मनाच्या माणसावरनं नाही, असं त्यात स्पष्ट आहे, आणि पोलिसांना अभिव्यक्तीचा हक्क शिकवायची वेळ आलीय असंही. आपल्याच जिल्ह्यातलं आहे, खुलाशात उल्लेख करायला लावा.

बाकी किरकोळ. व्हिडिओ शूटिंगवाल्याला आजच गाठा, ही मंडळी कार्ड पुसून पुढच्या कार्यक्रमाला वापरतात. पूर्ण फुटेज मूळ कार्डासकट जपा, कोर्टात द्यायचं झालं तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं. अटकपूर्व जामिनाचा अर्ज सेशन कोर्टात, तो तयार ठेवा. सरकारच्या मंजुरीशिवाय कोर्ट 299 ची दखल घेऊ शकत नाही, चार्जशीट आलंच तर मंजुरीचा कागद आहे का ते पहिलं बघा. आणि गुन्हा रद्द करायला आमच्यासारखं रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मुंबई गाठायला नको, ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं कोल्हापुरातच आहे, सीपीआर हॉस्पिटलसमोर.

अप्पांचे कार्यक्रम निपाणी-संकेश्वरकडं पण होत असतील तर तिकडचा वकील वेगळा विचारा, कर्नाटकानं डिसेंबर 2025 मध्ये बेळगावच्या अधिवेशनात द्वेषपूर्ण भाषण आणि द्वेषमूलक गुन्ह्यांसाठी वेगळं विधेयक आणलंय, इकडच्या वकिलांना त्यातलं माहीत असेलच असं नाही. खुलाशाचा मसुदा झाला की नाव-गाव काढून इथं टाका, संध्याकाळी बघतो. आमच्या वकिलांनी नंतर केलेला माझ्याकडं आहे, तोही पाठवतो.