घडीच्या सायकलचा शिफ्टर बदलताना

ग्रिप शिफ्टर (मूठ फिरवून गिअर बदलायचा) काढून थंब शिफ्टर (अंगठ्याने दाबायचा) लावू का, असं विचारलंस ना? लाव की, बिनधास्त. फक्त मागच्या चाकाच्या दातेरी चकत्या मोज. सात असतील तर शिफ्टर सातचाच, आणि डिरेलरशी, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाशी, जुळणारा.

खरी मेख केबलच्या लांबीत आहे. हँडल पूर्ण वर करून बघ, मग घडी घालून बघ. दोन्ही वेळा सांध्यापाशी केबल ताणली किंवा मुडपली नाही, तरच जास्तीची काप. बाहेरचं आवरण गिअरचंच घे. ब्रेकचं दाबलं जातं, गिअर नेमका बसत नाही.

२० इंची चाकात डिरेलर जमिनीलगत लोंबतो, त्यामुळे लांब केजचा (चेन ताणून धरणाऱ्या खालच्या पट्ट्यांचा) नकोच. आपल्या सोलापूरच्या धुळीत चेन कोरडी पुसूनच तेल घाल. शेवटी केबलचा ताण जुळवणारा स्क्रू, म्हणजे बॅरल अ‍ॅडजस्टर पाव-पाव फेरा फिरवत विजापूर रोडला चालवून बघ.