पन्नाशीत जुना पंक बँड पुन्हा जमवला तर हसं होईल का?

तुम्ही विचारलंय की कॉलेजात पंक, म्हणजे भरधाव, ओरडून गायचं रॉक, वाजवायचो, आता सगळे पन्नाशीला टेकलेत, गावातल्या गावात मजेसाठी पुन्हा वाजवलं तर लोक हसतील का. हसतात. आम्हाला हसले. तरी वाजवा.

आम्ही चौघं जळगाव-भुसावळकडचे. १९९३ ते ९७ वाजवलं. पंक म्हणजे काय ते मुंबईहून आलेल्या, घासून पुसट झालेल्या एका कॅसेटवरून कळलं. रामोन्स या अमेरिकन पंक बँडची होती. त्यांचा १९७६चा पहिला अल्बम १४ गाणी अर्ध्या तासाच्या आत उरकतो आणि तीन-चार कॉर्डवर (एकत्र छेडायच्या सुरांच्या जुळणीवर) भागतं, हे ऐकून हुरूप आला, कारण आम्हाला तीनच येत होत्या. ऑर्केस्ट्रावाल्यांसारखी हिंदी गाणी बसवायची असती तर पहिल्याच तालमीत उठून घरी गेलो असतो.

बँड मोडला तो ॲम्पवरून, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या डब्यावरून. चौघांनी वर्गणी काढून घेतलेला ॲम्प गायकाने कोणाला न विचारता विकला आणि कॉलेजची फी भरली. बासवाला (जाड तारांची बास गिटार वाजवणारा) त्याच्याशी बावीस वर्षं बोलला नाही. एक भुसावळला लोकोशेडमध्ये, दुसऱ्याचं जळगावात कापडाचं दुकान. मधे रेल्वेने अर्धा तास.

२०१९च्या डिसेंबरात ड्रमरने यावलकडच्या आपल्या मळ्यात भरीत पार्टीला बोलावलं. दोघांनाही बोलावलंय हे दोघांनाही सांगितलं नाही. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजत होती, कळण्याच्या पुऱ्या तळायच्या होत्या, आणि ठिबकच्या नळ्यांच्या खोलीत ह्या पठ्ठ्याने जुना ड्रमसेट मांडून ठेवला होता. बसायला केळीचं उलटं क्रेट. मी गिटार नेली होतीच, माझं त्याच्याशी आधीच ठरलं होतं.

भाड्याचा ॲम्प लावला आणि नुसतं घूंऽऽ. गायकाने माइकला ओठ लावले तर झिणझिण्या आल्या. बासवाला गालात हसला, त्या दिवसातलं त्याचं पहिलं हसू. ड्रमरचे वडील काही न बोलता उठले, मोटारीच्या पेटीमागे अर्थिंगचा खड्डा होता, त्यात बादलीभर मिठाचं पाणी ओतलं. घूं निम्म्यावर आलं, झिणझिण्या थांबल्या. मग खाटेवर बसून त्यांनी दोन गाणी ऐकली आणि विचारलं, "काय रे भो, भांडन कोनाशी चालू हाये?" (गंमत सोडून सांगतो, मळ्यात वाजवणार असाल तर वायरमनकडून अर्थिंग नीट तपासून घ्या. मीठ-पाण्यावर सगळी संध्याकाळ काढू नका.)

आता शरीराचं. पंकची गिटार वरून खाली, वरून खालीच मारायची असते, तीही भरधाव. विशीत दहा गाणी सलग जायची. त्या दिवशी तिसऱ्याला मनगट लाकूड झालं. बासवाल्याचा खांदा आखडलेला, त्यामुळे त्याचा पट्टा आखूड केला; बास पोटाऐवजी छातीवर आली. ड्रमरचा वेग घसरला, पण आमचाही घसरलेला, म्हणून कोणाला कळलं नाही. "लाईट गेली, लाईट गेली, आली का? नाही!" हे आमचं जुनं ओरडगाणं मात्र पोरांनी पाठ केलं. भारनियमन त्यांनी फारसं पाहिलेलंही नाही.

तुम्हाला माझं एकच सांगणं. जुनं नाव लावू नका आणि सुपारी घेऊ नका. इंग्लंडचा पंक बँड सेक्स पिस्टल्स. ते १९७८ला फुटले, १९९६ला पुन्हा एकत्र आले, आणि दौऱ्याचं नावच 'फिल्दी ल्युकर' ठेवलं, म्हणजे सरळ पैशासाठी आलोय बाबांनो. त्यांना ते शोभतं. पण त्यांच्याच गिटारवाल्या स्टीव्ह जोन्सने त्याच्या आदल्या वर्षी, १९९५ला, काय केलं होतं बघा. गन्स एन रोझेस या रॉक बँडचे दोघं आणि डुरान डुरान या पॉप बँडचा जॉन टेलर अशांना घेऊन एका आजारी मित्राच्या मदतीसाठी लॉस एंजेलिसच्या छोट्या क्लबात वाजवलं, आणि मजा आली म्हणून दर सोमवारी वाजवत राहिले. नाव ठेवलं न्यूरॉटिक आउटसायडर्स. पुढे अल्बमही निघाला, पण मला ते सोमवार जास्त आवडतात.

आमच्या बँडला नावच नाही. गावातले 'भरीतवाले' म्हणतात. एकदा भुसावळच्या एकाने लग्नात वाजवायला पैसे देऊ केले. आम्ही नको म्हटलं, कारण पैसे आले की वाटणी आली, आणि वाटणी आली की ॲम्प आला.

मे महिन्याचा मात्र हट्ट धरू नका. आमच्याकडे पारा पंचेचाळीसला जातो, गिटारच्या मानेचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटं कापतात. थंडीत जमा.

हो, ॲम्पचं राहिलं. त्या रात्री बडगीत (भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात) वांगी ठेचताना गायक म्हणाला, "किती देऊ?" बासवाल्याने मुसळ त्याच्या हातात दिलं आणि म्हणाला, "आधी हे ठेच."