चौघींची एक गोधडी

कॅनडातल्या मिसिसागाच्या ताईंचं पत्र लांबलचक आहे आणि त्यात चार काळज्या आहेत. मुलाला मराठीत विचारलं तरी तो इंग्रजीत उत्तर देतो. सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांना मुलांकडे लांब मुक्कामाला येता येतं त्या व्हिसावर, आलेल्या सासूबाई हिवाळाभर घरात कोंडल्यासारख्या झाल्यात. पुण्याच्या फ्लॅटच्या मुखत्यारपत्रावरून दिरांशी बिनसलंय. चौथी काळजी त्यांनी अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे: "ओळखी पुष्कळ आहेत, हळदीकुंकवाला घर भरतं, पण मनातलं बोलावं अशी एकही नाही. लग्नाआधी शेजारच्या ताईबरोबर तासन् तास शिवत बसायचे. मशीन आणलंय, ते तळघरात पडून आहे. आईच्या सहा सुती साड्या बॅगेत तशाच आहेत. पण आता या वयात शिवणाच्या मैत्रिणी कुठे शोधायच्या?"

ताई, तुमचं खरं पत्र या शेवटच्या ओळींत आहे, त्यामुळे बहुतेक जागा मी त्यांनाच देणार आहे. बाकीच्या तिन्हींचं शेवटी बघू.

आधी थोडं रागावते. तुम्ही लिहिता, "दर महिन्याला कुणाला तरी जेवायला बोलावते, पंधरा माणसांचा स्वयंपाक करते आणि सगळे गेल्यावर वाटतं, आज कुणाशी धड बोललेच नाही." बोलणार कधी? तुम्ही पूर्ण वेळ ओट्याशी उभ्या होतात. परदेशात आपण सगळ्याजणी हेच करतो. मैत्री हवी असते आणि आपण पंगत वाढतो. पंगत संपली की भेट संपते आणि परतफेडीचं ओझं तेवढं मागे राहतं. अर्धवट राहिलेलं शिवण मात्र पुढच्या भेटीला आपणहून बोलावतं, वेगळं निमंत्रण लागत नाही. हात कामात आणि नजर सुईवर असली की एरवी तोंडावर न येणारं बोललं जातं, कारण कुणी आपल्याकडे टक लावून बघत नसतं. लेस्टरच्या माझ्या जाऊबाईंच्या मोठ्या ऑपरेशनच्या वेळी आलटून पालटून डबे घेऊन आल्या त्या त्यांच्या शिवणाच्या मैत्रिणी. मराठी मंडळाच्या लोकांनी निरोप पाठवले.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की चौघीजणी मिळून एकच गोधडी शिवा. प्रत्येकीने आपापलं शिवण घेऊन यायचं, असं करू नका. तसं केलं की ज्या चांगलं शिवतात त्या पुढे जातात आणि बाकीच्या लाजून यायच्या थांबतात.

मैत्रिणी कशा शोधायच्या? "शिवता येतं का?" असं विचारलंत की दहातल्या नऊ जणी नाही म्हणतील. "घरात आईची, आजीची एखादी जुनी सुती साडी आहे का?" असं विचारा. ती प्रत्येकीकडे असते, टाकवत नाही आणि नेसवतही नाही. धावदोरा तासाभरात शिकता येतो. चार जणी पुरेत, सहाच्या वर जाऊ नका. चौथी मराठी नसली तरी चालेल. कांथा, म्हणजे तिकडची जुन्या साड्यांची गोधडी, पाहत वाढलेल्या बंगाली बाईला गोधडी समजावून सांगावी लागत नाही. वार ठरवा, दोन तास ठरवा, आणि खायला चहा-चिवड्यापलीकडे काही नाही हा नियम पहिल्याच दिवशी करा. तेलकट बोटांनी कापडावर डाग पडतात हे एक कारण. दुसरं असं, की एकीने बटाटेवडे केले की दुसरीला पाणीपुरी करावीशी वाटते आणि महिन्याभरात पुन्हा तुम्ही ओट्याशी.

पहिलं काम पांघरायच्या मोठ्या गोधडीचं घेऊ नका, दुपटं घ्या. तयार झाल्यावर ३६ बाय ४३ इंच. त्याला चार थर पुरतात. सहाच्या वर थर गेले की सुई ओढताना मनगट भरून येतं आणि नवख्या बाईचा उत्साह तिथेच संपतो. साड्या आधी गरम पाण्यात धुवा. खळ निघाली पाहिजे आणि सुती कापडाला आटायचं तेवढं आटू दे. लाल, मरून आणि गडद निळ्या रंगांवर ओला पांढरा फडका दाबून बघा, रंग लागला तर ती साडी या कामातून बाद. मग कापड उजेडासमोर धरून आडवं ताणा. विरलेला भाग, विशेषतः निऱ्यांच्या घड्यांवरचा, आतल्या थरात घाला. सुती थरांमध्ये टेरिलीन मिसळू नका. धुतल्यावर सुती आटतं, टेरिलीन आटत नाही आणि दुपट्यावर कायमचे फुगे राहतात. जरीचे काठ उसवून बाजूला ठेवा, लहान मुलाच्या अंगाला जर टोचते.

वरच्या थराला चौघींच्याही साड्या लागू द्या. प्रत्येकीने साडीच्या पूर्ण पन्ह्याचा, म्हणजे साधारण ४५ इंच लांब, साडेदहा इंच रुंदीचा पट्टा आणायचा. अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडायचं कापड, धरून चार पट्टे जोडले की ३९ इंच होतात, जास्तीचा इंच छाटून ३८ ठेवा. काठ दुमडल्यावर ३६ राहतात. या जोडांसाठी तळघरातलं मशीन वर आणा. मोटरवर व्होल्ट लिहिलेले असतात. २२०-२४० असतील तर तिथल्या १२० व्होल्टवर ते रडतखडत चालेल, त्याला स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागेल. साडीच्या कापडाला ८० नंबरची सुई लावा. खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं तर बॉबिनला दोष देऊ नका, दोष वरच्या दोऱ्याचा असतो. दाबपट्टी वर उचलून पुन्हा ओवा, म्हणजे दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसेल. मशीनचं काम एवढंच. पुढचं सगळं हाताने.

खालचा थर टेबलावर उलटा पसरा आणि चारही बाजूंनी कागदी चिकटपट्टीने बसवा. सुरकुती जाईल एवढाच ताण द्या, खेचू नका. त्यावर एकेक थर मधून कडेकडे हात फिरवत घाला. मग कच्चा टाका, तोही मधून कडेला, हाताच्या पंजाएवढ्या अंतरावर, उभा आणि आडवा. ही पायरी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते आणि सगळ्यात जास्त दुपटी इथेच बिघडतात. कच्चा टाका कडेपासून घातला तर सगळा सैलपणा मध्ये गोळा होतो आणि तिथे झोळ पडतो. तो नंतर इस्त्रीने जात नाही.

दोरा पर्ल कॉटन, म्हणजे भरतकामाचा पिळाचा सुती दोरा, ८ नंबरचा घ्या. एका गुंडीत ८० मीटर असतो, दोन गुंड्या लागतील. भरतकामाची ५ नंबरची सुई त्याला बरोबर बसते. दोरा हातभरापेक्षा लांब ओवू नका, कापडातून पुन्हा पुन्हा ओढला गेल्याने तो झिजतो आणि गाठी धरतो. आमच्या सासूबाई दोरा मेणावरून एकदा ओढून घेत आणि कुणालाही मेणाशिवाय सुई हातात घेऊ देत नसत. तसं करून बघा, गुंता निम्मा होतो.

आता बसायचं कसं ते ऐका, कारण मैत्रीच्या दृष्टीने हेच महत्त्वाचं आहे. काठ आत दुमडून झाले की चौघींनी चार बाजूंना बसायचं. प्रत्येकीने आपल्या बाजूने काठाला समांतर धावदोरा घालायचा, पाऊण इंचावर दुसरी ओळ, मग तिसरी, असं आत आत सरकत जायचं. पाऊण इंच बोटाने मोजू नका, चौघींची बोटं चार मापांची असतात. एकाच पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या कापून वाटा. इंचाला चार-पाच टाके पुरेत. सुईवर तीन-चार टाके घेऊन मग दोरा ओढा आणि प्रत्येक ओढीनंतर शिवलेल्या भागावरून अंगठा फिरवा. कोपऱ्यात तुमची ओळ जिथे संपते तिथे शेजारणीची सुरू होते. अंतर चुकलं की तिथे पायरी पडते आणि दोघींना एकमेकींकडे बघावंच लागतं. मधला वीतभर भाग उरला की चार हात मावत नाहीत. तिथे दोघींनी शिवावं, दोघींनी पुढच्या दुपट्याचं कापड कापावं.

हिशेब करून देते. एवढ्या दुपट्याला सुमारे १७० फूट धावदोरा पडतो. गप्पा धरून ताशी दहा-बारा फूट होतात. म्हणजे चौघींना दोन तासांच्या दोन बैठका, त्याआधी थर घालायची एक आणि शेवटी चुकलेल्या ओळी नीट करायची एक. महिन्याभरात एक वस्तू पूर्ण होते. अनोळखी बायकांना पुन्हा भेटावंसं वाटायला एवढं पुरतं.

बिघडतं कुठे? एकीचा हात घट्ट असतो, एकीचा सैल. घट्ट हाताची बाजू चुणीदार होते. उपाय सोपा आहे, दर बैठकीला जागा बदला. दुसरीचे टाके तिला न विचारता उसवू नका. या एका गोष्टीवरून मोडलेले गट मला माहीत आहेत. टाके वेडेवाकडे दिसले तर राहू द्या, धुतल्यावर निम्मे दिसेनासे होतात. ज्या घरी गाठोडं राहतं तिने मधल्या दिवसांत एकटीने पुढे शिवायचं नाही, कितीही हात शिवशिवले तरी. बसताना आणि उठताना सुया मोजा, गालिच्यात हरवलेली सुई पायात जाते. आणि कुणी "दिवाळीच्या मेळाव्यात विकायला ठेवू या" म्हणालं, तर पहिल्या वर्षी तरी ठाम नाही म्हणा. पैसा आणि तारीख आली की कुणाची ओळ हळू होते ते मोजलं जातं.

दुपटं कुणाच्या बाळाला देताना एक सांगून ठेवा. तिथले डॉक्टर पहिल्या वर्षात पाळण्यात सुटं पांघरूण ठेवू देत नाहीत आणि ते बरोबर आहे. दुपटं बाळ जागं असताना जमिनीवर अंथरायला किंवा मांडीवर घ्यायला. हे आधी सांगितलं नाही तर तरुण आई संकोचाने ते कपाटात ठेवून देते.

दुसरं काम ब्लाऊजचं घ्या. भारतातून शिवून आलेले आणि आता न होणारे ब्लाऊज प्रत्येकीकडे आहेत. आत इंचभर माया असेल तर बगलेपासून कमरेपर्यंतची टीप अर्धा इंच बाहेर नेली की दोन्ही बाजूंचे मिळून दोन इंच वाढतात. बाहीची शिवणही त्याच रेषेत सोडा, नाहीतर बगलेत ओढ बसते. नवी टीप आधी घाला आणि जुनी नंतर उसवा. पाठीचं आणि मुंढ्याचं माप एकटीला नीट घेता येत नाही, हात वर केला की टेप सरकते, दुसरीच बाई लागते. तिने टेप धरायची, तुम्ही श्वास रोखायचा नाही, आणि आकडा मोठ्याने न वाचता तिने कागदावर लिहायचा. माझी धाकटी सून कुणाला अंगाला हात लावू देत नसे. अशाच एका गटात ती पहिल्यांदा मोकळी झाली. एक पथ्य मात्र पाळा. जिला शिवता येतं तिने दुसऱ्यांचे ब्लाऊज दुरुस्त करून द्यायचे नाहीत, करायला शिकवायचं. नाहीतर ती मैत्रीण राहत नाही, शिंपीण होते.

तुम्ही लिहिता, "नवरा म्हणतो, हा म्हाताऱ्या बायकांचा विरंगुळा." त्यांना तुमच्याच ओंटारिओतल्या एका बाईंचं सांगा. मॅनिटूलिन बेटावरच्या एथेल मलवनी १९४२ साली सिंगापूरच्या चांगी तुरुंगात जपान्यांच्या कैदेत होत्या. बायका आणि पुरुष वेगवेगळे कोंडलेले, एकमेकांची खबर नाही. त्यांच्या कल्पनेतून कैदी बायकांनी सहा इंची चौकोनांवर आपापली नावं आणि चित्रं भरली, ते चौकोन जोडून गोधड्या केल्या आणि त्या इस्पितळासाठी म्हणून पुरुषांकडे पाठवल्या. कोण जिवंत आहे ते नवऱ्यांना त्या टाक्यांवरून कळलं. त्यांतल्या तीन आजही जपून ठेवल्या आहेत, दोन कॅनबेराच्या युद्धस्मारकात आणि एक ब्रिटिश रेड क्रॉसकडे. तुम्हीही चार कोपऱ्यांत चौघींची नावं भरा.

ती नावं देवनागरीत लिहून द्यायचं काम मुलाला सांगा. कापडावर शिंप्याच्या खडूने, अक्षर दोन इंच उंच. तो इंग्रजीत बोलला तर बोलू द्या, तुम्ही मराठी सोडू नका आणि टोकू नका. या वयात टोकलं की मूल गप्प बसतं.

सासूबाईंना सुई ओवता येत नसेल, पण थर घालणं आणि झोळ ओळखणं त्यांच्याइतकं कुणाला येणार? बैठक तुमच्या घरी असेल तेव्हा त्यांना टेबलाच्या टोकाला बसवा.

मुखत्यारपत्र सर्वसाधारण देऊ नका, फक्त त्या एका व्यवहारापुरतं द्या. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. बाकी वकिलाला विचारा, आणि दिरांशी फोनवर बोला, घरच्या व्हॉट्सॲप गटावर लिहून नव्हे.

यंदा भारतात गेलात तर फॉल, ब्लाऊजचे हूक, अस्तराचं सुती कापड आणि चौघींना पुरेल एवढं मेण आणा. कात्री चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत ठेवलीत तर विमानतळावर काढून घेतील.