मानदुखीसाठी पाठीला चिकटवायचं पोश्चर-उपकरण घ्यावं का? पाच महिने वापरल्यावरचा अनुभव

तुम्ही विचारलंय, की रोज आठ-नऊ तास संगणकावर काम करून मान आणि खांदे भरून येतात, तर पाठीला चिकटवायचं आणि पोक काढलं की थरथरणारं उपकरण घेऊन फरक पडेल का. मी तसलं उपकरण पाच महिने वापरलं. माझी मानदुखी आता खूप कमी आहे. पण उपकरण लावलं आणि दुखणं गेलं, इतकं ते सरळ झालं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्याआधी एक गोष्ट. प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, की कधीकधी उजव्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात मुंग्या येतात. ही गोष्ट जाता जाता सोडू नका. मानेच्या मणक्यांमधून निघालेल्या नसा खांद्यावरून हातात उतरतात आणि त्यातली एखादी दबली की बरोबर अंगठ्याच्या बाजूला मुंग्या येऊ शकतात. मनगटात नस दबली तरी त्याच बोटांत येतात. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, आणि यातलं नेमकं काय ते डॉक्टरांनी तपासल्याशिवाय कळत नाही. उपकरण मागवण्याआधी तेवढं करून घ्या. हाताची पकड सैल पडणं, बटणं लावताना बोटं अडखळणं, चालताना तोल जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, तापाबरोबर मान आखडणं, किंवा पडल्या-झडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यातलं काहीही असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका.

आता माझं सांगते. मी मुद्रितशोधनाचं काम करते. डावीकडे टेबलावर मूळ कागद, समोर पडदा, आणि दिवसभर नजर इकडून तिकडे. दुपार उलटली की मानेच्या डाव्या बाजूला, खांद्याच्या पात्याच्या वरच्या टोकापाशी ठणका सुरू व्हायचा आणि संध्याकाळी तो कवटीच्या खालच्या कडेपर्यंत चढायचा. मान वळवायची तर अख्खं अंग वळवावं लागायचं. उपकरण मागवलं तेव्हा मी पुरती कंटाळले होते.

ही उपकरणं काम कशी करतात ते आधी समजून घ्या, कारण त्यांची मर्यादाही तिथेच आहे. आत एक बारीक सेन्सर असतो, मोबाइल आडवा केला की पडदा फिरवणारा असतो त्याच जातीचा. गुरुत्वाकर्षणाच्या दिशेशी उपकरणाचा कोन किती झाला, एवढंच तो मोजतो. सकाळी तुम्ही सरळ बसून ॲपमध्ये 'हीच माझी योग्य स्थिती' असं नोंदवता आणि मग त्यापेक्षा ठरावीक अंशांनी पुढे झुकून काही सेकंद तसेच राहिलात, की ते थरथरतं. काही उपकरणं चिकटपट्टीने दोन पात्यांच्या मधे लावायची असतात, काही गळ्यात माळेसारखी घालायची, काही चुंबकाने कपड्याला अडकवायची. (चुंबकवाल्यांच्या बाबतीत, हृदयासाठी पेसमेकर बसवलेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.) खांदे मागे ओढून धरणारे पट्टे ही वेगळी गोष्ट. ते शरीराला बाहेरून धरून ठेवतात, ही फक्त खूण करतात.

पहिल्या तीन आठवड्यांत मी चुकले. थरथरलं की ताठ व्हायचं, असा नियम मी स्वतःला लावून घेतला. छाती पुढे, खांदे मागे, कंबर आत, आणि तशीच तासन्‌तास. ॲपमधला, 'योग्य स्थिती'त काढलेला वेळ दाखवणारा हिरवा पट्टा रोज लांब होत गेला आणि मला फार बरं वाटायचं. दुखणं मात्र हललं नाही. उलट पात्यांच्या मधे नवीन जळजळ सुरू झाली. जिच्याकडे मी उपचारांना जात होते त्या फिजिओथेरपिस्टना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी मला हाताची मूठ घट्ट आवळून धरायला लावली आणि त्या माझ्याशी बोलत राहिल्या. दीड-दोन मिनिटांत बोटं दुखायला लागली. म्हणाल्या, पाठीचं तुम्ही हेच करताय. स्नायू सतत आवळलेला राहिला की थकतो, मग तो वाकून बसल्यामुळे आवळलेला असो की ताठ बसल्यामुळे. थरथरलं की ताठ होऊ नका, हला.

माझ्यासाठी सगळं त्या एका वाक्यानंतर बदललं. थरथर झाली की मी खांदे गोल फिरवायचे, मान दोन्ही बाजूंना सावकाश वळवायची, खुर्चीला रेलायचे किंवा उठून खोलीत एक फेरी मारायचे. मग परत बसताना कशीही बसले तरी चालेल. दोन आठवड्यांत ती जळजळ गेली.

या विषयात 'योग्य पोश्चर' या शब्दाने फार गोंधळ घातला आहे असं माझं मत झालंय. तुम्ही कुठेतरी वाचलंच असेल, की मोबाइल बघायला मान 60 अंशांत झुकवली तर मानेवर 27 किलोचा भार येतो. हा आकडा केनेथ हंसराज या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी 2014 मध्ये मांडला. डोकं साधारण पाच किलोचं, ते पुढे गेलं की मानेच्या मागच्या स्नायूंना ते जास्त जोर लावून धरावं लागतं, हे खरं आहे. पण तो आकडा संगणकावरच्या प्रतिकृतीतून काढलेला आहे, माणसांच्या माना मोजून नाही. आणि भार येतो म्हणजे इजा होते, असंही नाही. पायऱ्या चढताना गुडघ्यांवरही चालण्यापेक्षा जास्त भार येतो, म्हणून कुणी पायऱ्या टाळा म्हणत नाही. पोक काढून बसणाऱ्या कितीतरी जणांची मान आयुष्यभर दुखत नाही आणि ताठ बसणाऱ्यांची दुखते. 2019 मध्ये फिजिओथेरपीतल्या काही जाणत्या संशोधकांनी याच विषयावर लेख लिहून सांगितलं, की सगळ्यांना लागू पडेल अशी एकच 'बरोबर' बैठक असल्याचा पुरावा नाही. हे मला कळलं तेव्हा मोठं ओझं उतरलं. मी चुकीची बसते म्हणून मला दुखतं, हा अपराधीपणा तोवर मनात घर करून होता. तुमच्याही प्रश्नात तो जाणवला. 'माझी बसायची पद्धतच वाईट आहे' असं तुम्ही दोनदा लिहिलंय. नका लिहू तसं.

मग उपकरणाचा उपयोग काय झाला? मला माझा दिवस दिसला. बहुतेक उपकरणांत थरथर बंद ठेवून नुसती नोंद करायची सोय असते. एक आठवडा मी तसं केलं आणि कोणत्या वेळी कोणतं काम चाललं होतं ते बाजूला वहीत लिहीत गेले. सकाळी मी बरीच हलत होते. ईमेल, फोन, उठबस. दुपारी तीन ते पाच या वेळात ॲपमधली नोंदीची रेघ जवळजवळ सपाट, पुढे झुकलेली, आणि ते दोन तास म्हणजे कागदावरून पडद्यावर ताडून बघायचं काम. दुखणंही त्याच सुमारास सुरू व्हायचं. दिवसभराच्या 'वाईट सवयी' सुधारण्यापेक्षा दोन तासांचं एक काम बदलणं कितीतरी सोपं. मूळ कागद टेबलावरून उचलून पडद्याच्या शेजारी, पडद्याच्याच उंचीवर उभ्या धारकाला लावला. ते ताडून बघायचं काम अर्ध्या अर्ध्या तासाच्या तुकड्यांत सकाळपासून वाटून टाकलं. डाव्या बाजूचा ठणका यानेच सर्वांत जास्त उतरला, हे मी खात्रीने सांगते.

आता उपकरणाला जे दिसत नाही त्याबद्दल. पाठीला चिकटलेला सेन्सर पाठीचा कोन मोजतो, मानेचा नाही. पाठ सरळ आहे आणि मान कासवासारखी पुढे आलेली आहे, तरी ते गप्प राहील. माझं तसंच होत होतं. हिरवा पट्टा लांबलचक आणि डोक्याच्या मागे मात्र ठणका. शेवटी मुलीने मी कामात असताना बाजूने फोटो काढला. त्यात पाठ चांगली होती, पण हनुवटी वर उचललेली आणि डोकं पडद्याकडे लोटलेलं. कारण निघालं चष्म्याचं. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, म्हणजे एकाच काचेतून दूरचं आणि जवळचं दोन्ही बघायचा. जवळचं वाचायचा भाग काचेच्या खालच्या बाजूला असतो, त्यामुळे पडद्यावरचं नीट दिसावं म्हणून मी नकळत हनुवटी वर करून काचेच्या तळातून बघत होते. नेत्रतज्ज्ञांकडून फक्त संगणकाच्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घेतला आणि पडदा थोडा खाली आणला. एरवी पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत ठेवा असं सांगतात, पण प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल वापरणाऱ्यांना तो आणखी खाली लागतो. आठवड्याभरात डोक्याच्या मागचं दुखणं निवळलं. चाळिशी ओलांडली असेल आणि असा चष्मा असेल, तर उपकरणाच्या आधी हे बघा. कामाच्या वेळी न सांगता कुणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. सांगून काढलेल्या फोटोत आपण आपोआप नीट बसतो.

काही वायरलेस इअरबडमध्ये डोक्याची हालचाल टिपणारे सेन्सर असतात आणि त्यावर चालणारी ॲपही आहेत. मानेसाठी ती कल्पना मला जास्त पटते, कारण सेन्सर डोक्यावरच असतो. पण दिवसभर कानात काही घालून बसणं मला जमलं नाही.

लॅपटॉपवर काम करत असाल तर कुठलंही उपकरण तुम्हाला वाचवणार नाही. पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले आहेत, तेव्हा एक बरोबर ठेवला की दुसरा चुकतो. लॅपटॉप उंचावर ठेवा आणि कीबोर्ड-माउस वेगळा घ्या.

आणि व्यायाम. मला स्वतःला हे सगळ्यात उशिरा पटलं, तुम्ही उशीर करू नका. डेन्मार्कमध्ये लार्स अँडरसन आणि सहकाऱ्यांनी मान-खांदे वारंवार दुखणाऱ्या 198 जणांवर एक चाचणी केली होती, 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. रबरी पट्टा दोन्ही हातांनी ओढून हात बाजूला खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायचे, एवढाच व्यायाम. एका गटाने रोज दोन मिनिटं केला, दुसऱ्याने बारा. दहा आठवड्यांनी दोन्ही गटांचं दुखणं व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा कमी झालं होतं. दोन मिनिटांवाल्यांचंही! रोजची दोन मिनिटं काढणं कुणालाही जमतं. माझ्या फिजिओथेरपिस्टनी मला हाच व्यायाम दिला आणि त्याच्या जोडीला उताणं झोपून डोकं न उचलता हनुवटीने हलकेच 'हो' म्हणायचं, दहा सेकंद धरायचं आणि सोडायचं. मानेच्या पुढच्या बाजूला आत खोलवर जे स्नायू असतात त्यांच्यासाठी हा आहे. दिसायला काहीच नाही, पण सुरुवातीला मला सहाव्या वेळेला धाप लागायची. पट्ट्याची ताकद हळूहळू वाढवायची. तुमच्या मुंग्यांचं निदान झाल्यावर मात्र हे व्यायाम त्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारूनच सुरू करा.

उपकरण घेतलंच, तर पहिला आठवडा थरथर बंद ठेवून नुसती नोंद करा. मग थरथरायला लागण्याआधीचा अवधी जेवढा लांब ठेवता येईल तेवढा ठेवा. दर पाच सेकंदांनी पाठीत गुरगुरणारी वस्तू माणूस चार दिवसांत काढून ठेवतो, किंवा तिच्याकडे लक्ष देणंच सोडतो. पूर्ण दिवस लावू नका. ज्या कामात दुखणं सुरू होतं त्याच कामापुरतं लावा. सहा-सात आठवड्यांनी एक दिवसाआड करा, मग आठवड्यातून दोनदा. सतत खूण मिळत राहिली की शरीर स्वतः लक्ष ठेवायचं सोडून त्या खुणेची वाट बघत बसतं. मी सुट्टीत उपकरण घरी विसरले तेव्हा पहिले दोन दिवस अगदी हेच झालं, आणि तिथूनच कमी करायला लागले. चिकटपट्टीने त्वचा लाल झाली तर जागा बदला किंवा दोन दिवस सोडा, खाजवत लावू नका.

पाचव्या महिन्यात मी ते थांबवलं. आता मान वर्षातून दोन-तीनदा आखडते, बहुतेक वेळा छपाईची मुदत जवळ आली आणि व्यायाम बुडाला की. मग आठवडाभर पुन्हा लावते, नोंद बघते, काय बिघडलंय ते सापडतं.

तुमच्या नेमक्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर, मित्राचं वगैरे महिनाभर वापरायला मिळालं तर जरूर वापरा. विकतच घ्यायचं असेल तर आधी कागद-पडदा-चष्मा हे तिन्ही बघून घ्या आणि तो रबरी पट्टा आणा. तेवढ्यानेच भागलं तर उपकरणाची गरज पडणार नाही. आणि त्या मुंग्यांसाठी या आठवड्यातच वेळ घ्या. डॉक्टर काय म्हणाले ते इथे कळवलंत तर मला बरं वाटेल.