वाड्यातून बाहेर पडा, पण त्या कागदावर सही करू नका

ताई, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. पुण्यातल्या नारायण पेठेतला दोन चौकी वाडा, त्यात नऊ बिऱ्हाडं, तुमच्या आजोबांपासून तुमच्याकडे असलेले तीन खण (दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण). भाडं महिना ६० रुपये. दोन वर्षांपासून मालक भाडं घेत नाहीत. पावसाच्या तोंडावर महापालिकेची ‘धोकादायक इमारत’ म्हणून नोटीस चिकटली, आणि दुसऱ्याच दिवशी मालकांचे पुतणे पाचशेच्या स्टँपपेपरवर लिहिलेला मजकूर घेऊन आले: ‘जागा स्वखुशीने सोडत आहे, हक्क राहिलेला नाही.’ वडील गेलेत, आई ७८ वर्षांच्या. तुम्ही विचारता, बाहेर पडलो तर सगळं गेलं का?

नाही गेलं. घर सोडणं आणि हक्क सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुतण्यांचा कागद त्या दोन्ही एकाच सहीत उरकू पाहतोय.

आधी वाड्याचं बोलू, कारण तुमच्या भांडणाचं मूळ त्याच्या बांधणीत आहे. वाड्याचा भार भिंतींवर नसतो, लाकडी सांगाड्यावर असतो. दगडी उथळ्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांचं छत. मधल्या भिंती मातीत रचलेल्या विटांच्या. पुढे बिऱ्हाडं वाढली तशा फळ्यांच्या आडभिंती उभ्या राहिल्या. राहायला नऊ घरं झाली, तरी सांगाडा एकच राहिला. तुमच्या मोरीजवळ कुजलेल्या खांबावर वरच्या बिऱ्हाडाची चूल आहे. नदीकाठच्या पेठांतले किती वाडे १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून आलेल्या पाण्यात उभे होते, हे तुमच्या आईंना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. सांगाडा सगळ्यांचा एकच, म्हणून एकट्यानं पत्रव्यवहार करू नका. नऊही बिऱ्हाडांनी मिळून करा.

नोटिशीत पहिली गोष्ट बघा ती इमारतीची वर्गवारी. सी-१ म्हणजे तातडीनं रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी आणि सी-३ मध्ये राहून दुरुस्ती होऊ शकते. ‘धोकादायक’ एवढाच शब्द लिहिला असेल तर वर्गवारी आणि संरचनात्मक तपासणीचा अहवाल लेखी मागा. अहवाल फक्त मालकांनी आणलेला असेल आणि तुम्हाला पटत नसेल, तर तुमच्या खर्चानं स्वतंत्र संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घ्या आणि तो अहवाल पालिकेत द्या. जुन्या लाकडाची जाण असलेला माणूस शोधा. काँक्रीटच्याच कामावर घडलेला अभियंता कडीपाट बघून घाबरतो, हा माझा अनुभव आहे.

वाडा सी-१ ठरला तर मात्र बाहेर पडा. महापालिका अधिनियमाखाली आयुक्तांना इमारत रिकामी करवून घेण्याचा अधिकार आहे आणि तिथे हट्ट चालत नाही. ७८ वर्षांच्या बाईंना त्या छपराखाली पावसाळा काढायला लावू नका, ही वकील म्हणून नाही, तर मुलाच्या जागी बसून केलेली विनंती आहे.

आता हक्काचं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी शहा रतनशी खिमजी प्रकरणात सांगितलं, की महापालिकेनं इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. भाडेपट्टा नुसत्या भिंतींचा नसतो, खालच्या जमिनीशीही जोडलेला असतो. पण हक्क टिकणं आणि नवं घर हातात पडणं यांत बरंच अंतर आहे, आणि ते अंतर कागदांनीच कापता येतं.

त्यासाठी बाहेर पडण्याआधी पालिकेच्या अभियंत्याकडून तुमच्या तीन खणांचं मोजमाप करून घ्या, त्याची सहीशिक्क्याची प्रत घ्या. प्रत्येक खोलीचे, खांबांचे, सामायिक चौकाचे फोटो काढा. मालकांना आणि पालिकेला स्पीड पोस्टनं एक पत्र पाठवा: ‘नोटिशीमुळे सुरक्षिततेसाठी तात्पुरते बाहेर पडत आहोत. भाडेहक्क सोडलेला नाही.’ किल्ली द्यायची वेळ आली तर हेच वाक्य लिहून, पोच घेऊनच द्या. बांधकाम परवानगी विभागातही नऊ जणांच्या सह्यांचा अर्ज आत्ताच देऊन ठेवा, म्हणजे उद्या नवा नकाशा मंजुरीला आला तर भाडेकरू आहेत हे फायलीत असेल.

दोन वर्षांचं भाडं ही तुमची सगळ्यात कच्ची बाजू. ‘मालक घेत नव्हते’ असं नुसतं सांगून भागत नाही. थकलेलं सगळं भाडं मनीऑर्डरनं किंवा चेकनं पाठवा, परत आलं तर तो कागद जपून ठेवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १५ प्रमाणे भाडं द्यायला तयार असलेल्या भाडेकरूला ताबा सोडायला लावता येत नाही, आणि थकबाकीसाठी दावा लावण्याआधी मालकाला ९० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. वडिलांच्या माघारी भाडेकरू कोण? त्यांच्या निधनाच्या वेळी त्यांच्यासोबत राहणारं कुटुंबातलं माणूस. त्यामुळे आईंचं नाव असलेलं रेशनकार्ड आणि वडिलांच्या नावच्या जुन्या पावत्या एका पिशवीत घालून वाड्याबाहेर न्या, सामानाच्याही आधी.

वाडा दुरुस्तीच्या वर्गात निघाला तर कलम १४ आहे. दुरुस्ती मालकाची जबाबदारी. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळात केली नाही, तर भाडेकरू एकत्र येऊन करू शकतात आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतात. पण वर्षाला भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. तुमचं वर्षाचं भाडं ७२० रुपये, म्हणजे वळते होणार १८०. एवढ्यात एक खांबही बदलत नाही. तरी पावत्या ठेवून करा, कारण वाचतं ते छप्पर. मुंबईतल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठीचा उपकर भरणाऱ्या) चाळींसाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे, ते पुण्यात लागू नाही. शेजारच्या काकांनी तसं सांगितलं असेल तर त्या दारात दिवस घालवू नका.

फळ्यांच्या आडभिंतीवरून आणि स्वयंपाकाच्या ओट्यावरून ‘बेकायदा बांधकाम’ म्हणून तुम्हाला घराबाहेर काढण्याची धमकी मालकांकडून मिळाली आहे, तिला घाबरू नका. लाकडी आडभिंत आणि ओटा यांना कायदा पक्कं बांधकाम मानत नाही. खांब मात्र कापलेला नसावा.

पुतणे पुन्हा आले तर म्हणा, कागद वकिलांना दाखवून कळवते. आणि त्यांनी बाहेर काढायचा प्रयत्न केला, तर त्याच दिवशी लघुवाद न्यायालयात मनाईचा अर्ज टाकता येईल. वकीलपत्रावर सही आईंची लागेल.