पावसाळ्यात अल्कोहोलची बाटली उघडी ठेवू नकोस

इथेनॉल (हेच ते अल्कोहोल) आणि पाण्याच्या मिश्रणांत ध्वनीचा वेग मोजून रेणूंमधले बंध शोधायचे, तर आधी हे ऐक. रत्नागिरीच्या जुलैत इथेनॉलची बाटली पाच मिनिटं उघडी राहिली तरी ते हवेतलं पाणी ओढतं. माझ्या पहिल्या वर्षीची अख्खी वही अशीच फुकट गेली. ग्राफ बघून सर नुसते हसले. म्हणून मिश्रणं वजनावर कर आणि बूच लगेच लाव. 50 मिली पाण्यात 50 मिली इथेनॉल घातलंस तर 100 नाही, साधारण 96 मिलीच भरतं. हायड्रोजन बंधांची, म्हणजे हायड्रोजनमार्फत रेणू एकमेकांना ओढतात त्याची, पहिली चाहूल तिथेच लागते.

इंटरफेरोमीटर, म्हणजे द्रवातल्या ध्वनिलहरींची तरंगलांबी मोजणारं उपकरण, 2 मेगाहर्ट्झचा असेल, तर स्क्रू फिरवताना मीटरवर दिसणाऱ्या दोन शिखरांमधलं अंतर पाण्यात जेमतेम 0.37 मिमी येतं. ते अर्धी तरंगलांबी असतं, हे विसरू नकोस. एकेक शिखर मोजत बसू नकोस, सलग वीस मोज. स्क्रू एकाच दिशेने फिरव, मागे घेतलास की आटे दगा देतात.

तापमान सांभाळ. 25 अंशांच्या आसपास तापमान वाढलं की पाण्यातला ध्वनीचा वेग वाढतो, इथेनॉलमधला घटतो. खोलीच्या तापमानावर विसंबलास तर संपलंच.

पाण्यात थोडं इथेनॉल घातलं की वेग आधी चढतो, मग उतरतो. घनता हवीच, वेगाचा वर्ग गुणिले घनता, त्याचा व्यस्त म्हणजे संपीड्यता, द्रव किती दाबला जातो त्याचं माप. ती कमी झाली म्हणजे रेणू घट्ट बसलेत. पण लगेच ‘बंध सिद्ध झाला’ असं लिहू नकोस रे, हा आडून मिळालेला पुरावा आहे. जोडीला तुलनेसाठी हेक्झेनमधलं इथेनॉलही मोजून ठेव, हेक्झेन इथेनॉलशी असे बंध करत नाही.