होमस्कूलिंग: अभ्यासाचं नंतर बघ, आधी दिवस कसा जाणार ते ठरव

तुझा प्रश्न असा की मुलगी साडेपाचची, मुलगा अडीचचा, नाशिकला सासूबाईंसोबत राहता, येत्या जूनला मुलीला पहिलीत घालायचं की घरीच शिकवायचं ते ठरत नाहीये, आणि घरीच शिकवायचं तर टाइमटेबल कसं असतं, कायद्याने चालतं का, सासूबाईंना काय सांगायचं. मी पुण्यात राहते. माझी मोठी कधीच शाळेत गेली नाही, आता बारावं चालू आहे तिला. धाकटा दुसरीपर्यंत घरी होता आणि मग त्यालाच बिल्डिंगमधल्या पोरांबरोबर व्हॅनमधून जायचं होतं म्हणून तिसरीत शाळेत घातला, मजेत जातो. म्हणजे मी शाळाद्वेष्टी वगैरे नाही, तेव्हा तू शाळेत घातलंस तरी मी काही नाक मुरडणार नाही.

टाइमटेबलचंच आधी बोलते कारण सगळ्या जणी तेच मागतात. नऊ ते साडेनऊ मराठी, मग इंग्लिश, मग गणित, भिंतीवर लॅमिनेट करून लावलेला तक्ता, छोटं टेबल, छोटी खुर्ची, ऑनलाइन मागवलेला व्हाइटबोर्ड. अगं शाळाच घरी आणायची असेल तर शाळा काय वाईट आहे, निदान तिथे शिकवायला दुसरं कोणीतरी असतं आणि डबा भरून दिला की तू चार तास मोकळी. साडेपाच वर्षांच्या मुलीला बसवून शिकवण्यासारखं असतं ते रोज अर्धा तास, फार फार तर पाऊण. शाळेत पाच तास लागतात कारण तिथे चाळीस पोरं, हजेरी, रांग, प्रार्थना, पाणी प्यायची सुट्टी, एकाचं होईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. घरी एकच मूल, समोरासमोर, त्यामुळे काम पटकन उरकतं. अडचण पुढे सुरू होते, की अकरा वाजलेत, 'अभ्यास' संपलाय, कुकर लावायचाय, आणि दोन पोरं तुझ्याकडे बघतायत की आता काय. होमस्कूलिंगमध्ये मुलांच्या अभ्यासापेक्षा आईचा दिवस हा मोठा प्रश्न असतो, निदान मुलं लहान असेपर्यंत तरी, आणि ज्या मैत्रिणींनी मध्येच सोडलं त्यातल्या एकीनेही अभ्यास जमला नाही म्हणून सोडलेलं नाही, दमल्या म्हणून सोडलं.

आणि तुझा दिवस मोठीवर नाही, धाकट्यावर ठरणार आहे. मोठीला घेऊन बसलीस की हा वहीवर चढणार, खडू खाणार, नाहीतर बरोब्बर तेव्हाच शी. हे कुठल्याही करिक्युलमच्या पीडीएफमध्ये लिहिलेलं नसतं. माझा नियम होता, आधी धाकटा. नाश्ता झाला की पहिला वेळ त्याचा, त्याच्याशी मनापासून खेळायचं, पोट भरलं की तो आपला आपण बाजूला होतो. मग परातीत थोडं पाणी, दोन वाट्या, एक पळी, आणि बाथरूमच्या दारात नाहीतर गॅलरीत बसवायचं. ह्या वाटीतून त्या वाटीत, त्या वाटीतून ह्या. आपल्याला वाटतं कंटाळेल, पण अडीच वर्षांचं मूल ह्यात इतकं गढून जातं की जीभ बाहेर काढून ओततं. कपडे ओले होणार, फरशी ओली होणार, ते गृहीत धर आणि पाय घसरेल म्हणून जुनी चादर अंथर, आणि तो पाण्यापाशी असेपर्यंत तूही तिथेच बस, मोठीला घेऊन. कणकेचा गोळा हा दुसरा हुकमी एक्का. डाळी-कडधान्यं वेगळी करायला देतात ना व्हिडिओत, ते एवढ्यात नको, ह्या वयात वाटाणा नाकात जातो आणि मग धावपळ. मोठे बटाटे, कांदे, लिंबं ह्या टोपलीतून त्या टोपलीत, हे चालतं. आणि तो दुपारी झोपला की तो मोठीचा खरा वेळ, वाचनाचा. तो वेळ भांडी घासण्यात घालवू नकोस, भांडी त्याच्या देखत घासता येतात, उलट त्याला आवडतं.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळ बोर्डी-कोसबाडला बालवाड्या चालवल्या तेव्हा विकतची खेळणी परवडण्याचा प्रश्नच नव्हता, दगड, बिया, पानं, शिंपले, जे आजूबाजूला आहे त्यावरच सगळं उभं केलं होतं. आज त्याच प्रकाराला लाकडी डब्यात घालून पाच हजाराला विकतात. नको घेऊस.

वाचनाबद्दल मात्र जरा सविस्तर लिहिते कारण इथे बऱ्याच जणी अ अननसाचा, आ आईचा पासून ज्ञ पर्यंत सरळ जातात, आणि मूल दोन महिने नुसती अक्षरं म्हणत बसतं, वाचता काहीच येत नाही. त्यापेक्षा ग म भ न ने सुरू कर. ह्यातली वळणं एकमेकांसारखी आहेत आणि चार अक्षरांत लगेच शब्द होतात, गगन, नमन, मगन. मग एकच गोष्ट दे, काना. मामा, नाना, मान, गाभा. ज्या दिवशी माझ्या मुलीने 'मामा' स्वतः वाचला त्या दिवशी तिने मामाला फोन लावून सांगितलं की मी तुला वाचलं. मग र, स, क, ल अशी भर घालत जायची, वेलांटी-उकार नंतर, जोडाक्षरं खूप नंतर. ऱ्हस्व-दीर्घाचा आत्ता विचारही करू नकोस. लिहिण्याची घाई तर अजिबात नको, पाटी-पेन्सिल दे, ताटात रवा पसरून बोटाने गिरवू दे, दिवाळीत रांगोळीचे ठिपके जोडू दे, हात तयार झाला की लिहिणं आपोआप येतं. पुस्तकांना पैसे लागत नाहीत म्हटलं तरी चालेल, बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं साइटवर फुकट आहेत, 'किशोर' ह्या मुलांच्या मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक आहेत, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर ह्या साइटवर चित्रांच्या मराठी गोष्टी ढिगाने आहेत, टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या साइटवर पुस्तकंही आहेत आणि काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण-चौकोन-घरं करायचे व्हिडिओही. तो काड्यांचा प्रकार मोठीसाठी सहाव्या वर्षानंतर झकास आहे, काड्यांचा गुल आधी खरवडून टाक.

गणितात मराठी मुलांना एक जागा हमखास नडते. बासष्ट म्हणताना दोन आधी ऐकू येतो आणि लिहिताना सहा आधी लिहायचा, म्हणून मूल २६ लिहितं. एकोणपन्नासला तर पन्नास ऐकू येतो म्हणून सरळ ५९. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' अशीही पद्धत दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, विधानसभेपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत. मला विचारशील तर ती पद्धत समजून घ्यायला उत्तम आहे. मी दहा-दहा काड्यांचे जुडगे रबरबँडने बांधून द्यायचे, सहा जुडगे आणि दोन सुट्या, साठ आणि दोन, ह्यालाच आपण बासष्ट म्हणतो. महिनाभरात उलटंसुलटं बंद झालं. बाकीचं गणित स्वयंपाकघरात. चार माणसांना प्रत्येकी तीन पोळ्या तर किती लाट्या, पावशेर म्हणजे किलोचा कितवा भाग, भाजीवाल्याला पन्नास दिले तर परत किती. भाजीवाल्याला आधी सांगून ठेव हं, नाहीतर मागची गिऱ्हाईकं वैतागतात.

इथेच सासूबाईंचं येतं. त्यांना पटवायच्या भानगडीत पडू नकोस. शिक्षणाच्या तत्त्वज्ञानावर वाद घालून कुठल्याही सासूबाई आजवर बदललेल्या नाहीत, आणि त्यांची भीती खोटी पण नाही, त्यांच्या पिढीने शाळेसाठी काय काय सोसलंय, आणि बायकांनी तर जास्तच. त्यांना एक खातं देऊन टाक. आमच्याकडे पाढे आणि गोष्टी हे खातं आजीचं. माझ्या सासूबाईंना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असं सगळं तोंडपाठ, मला तिसाच्या पुढचे पाढे धड येत नाहीत, त्यामुळे त्यांचा भाव वधारला. पुढे त्यांना त्यांच्या बहिणीला फोनवर 'आमच्याकडे पाढ्यांचं मी बघते' असं सांगताना ऐकलं तेव्हा मी पाठीमागे गुपचूप हसले. विरोध संपला असं नाही, नातेवाईक आले की अजून 'हिच्या आईची हौस' असं होतं, पण रोजचं घर शांत झालं. नवऱ्याचं मात्र आधी नक्की कर. त्याचं 'तुला वाटतं तर कर' हे उत्तर पुरेसं नाही. 'तुला वाटतं तर कर' म्हणजे उद्या काही बिनसलं तर तुझ्यावर.

आणि पाहुणे तुला ती बातमी फॉरवर्ड करणार, की २०१६ मध्ये मुंबईची एक मुलगी दहावी-बारावीच्या सर्टिफिकेटशिवाय अमेरिकेत एमआयटीला गेली. बातमी खरी आहे, तिला प्रोग्रामिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडची तीन मेडल्स होती. पण तुझी मुलगी आत्ता दात पडलाय म्हणून तो उशीखाली ठेवतेय. कोणाच्या एमआयटीवर आपली रोजची सकाळ चालत नाही, ना त्या बाजूने ना ह्या बाजूने.

कायदा. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, वय ६ ते १४. कलम १० म्हणतं की मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे. पण ते नाही पाळलं तर पालकांना दंड किंवा शिक्षा अशी तरतूद त्यात नाही, आणि होमस्कूलिंग हा शब्दच कायद्यात नाही, ना परवानगी ना बंदी. म्हणजे तू गुन्हा करत नाहीयेस, पण सरकारदरबारी तुझं मूल शाळाबाह्य धरलं जाऊ शकतं, हे डोक्यात ठेवून उतर. शाळाबाह्य मुलांचे सर्व्हे होतात, ४ जुलै २०१५ ला तर एका दिवसात अख्ख्या महाराष्ट्रात झाला होता. आमच्या दारी एकदा मनपा शाळेच्या बाई आल्या होत्या यादी घेऊन, उन्हातून, घाम पुसत. मी पाणी दिलं, मुलीच्या वह्या दाखवल्या, मुलीने त्यांना विचारलं तुमच्या शाळेत झोका आहे का. त्यांनी लिहून घेतलं आणि गेल्या, पुढे काही झालं नाही. सगळीकडे असंच होईल असं मी म्हणत नाही, पण अशांशी हुज्जत घालू नये, त्या त्यांची ड्यूटी करतायत.

परीक्षांचं टेन्शन आत्ता नको. एनआयओएस म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यालय, रोज शाळेत न जाता परीक्षा देता येते ते, त्याच्या तिसरी, पाचवी, आठवीच्या पातळीच्या परीक्षा आहेत, दहावीला किमान वय १४ लागतं. महाराष्ट्राचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, पाचवी, आठवी, दहावी, बारावी. आणि शाळेत परत जायचा रस्ता उघडा आहे, त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे सहाच्या पुढचं मूल कधी शाळेत गेलं नसलं तरी त्याला वयानुसार वर्गात घ्यावं लागतं. धाकट्याच्या वेळी एका खासगी शाळेने आम्हाला 'आधीच्या शाळेचा दाखला आणा' म्हणून दोन चकरा मारायला लावल्या, अहो आधीची शाळाच नाही तर दाखला कुठला, शेवटी दुसऱ्या शाळेत जन्मदाखला आणि आधारवर काम झालं. तेव्हा जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड एका फायलीत, आणि मुलीच्या चित्रांतली-वह्यांतली महिन्याची चारदोन पानं तारीख टाकून त्याच फायलीत.

'मित्र कुठून मिळणार' हा प्रश्न खरा आहे, त्याला हसण्यावारी नेऊ नये. सकाळी अख्खी सोसायटी रिकामी असते आणि साडेपाचनंतर पोरं खाली येतात, त्यातली अर्धी क्लासला पळतात. त्यामुळे संध्याकाळचे दीड-दोन तास खाली जाणं हे आमच्याकडे अभ्यासापेक्षा सक्तीचं होतं, पाहुणे असोत की सिरियल असो. लायब्ररी, पोहणं, तबला, काहीतरी एक असं लाव की जिथे तीच तीच मुलं पुन्हा पुन्हा भेटतील. एका दिवसाच्या वर्कशॉप्सचा उपयोग नाही, तिथे ओळख होईपर्यंत सर्टिफिकेट देतात आणि घरी पाठवतात.

आता तुझं. तू लिहिलंयस की नोकरी सोडून दीड वर्ष झालं आणि परत जायचं की नाही तेही ठरत नाहीये. मग आधी ते ठरव, कागद-पेन घेऊन नवऱ्यासमोर बसून, एका पगारात हप्ता, किराणा, आजारपण आणि तुझ्या नावावर दरमहा काहीतरी, एवढं बसतंय का. ते शेवटचं विसरू नकोस. आणि रोज एक तास, घराबाहेर, पोरांशिवाय. घरातल्या घरात नाही, कारण बेडरूमचं दार लावलं तरी दाराखालून बोटं येतात. फिरायला जा, लायब्ररीत बस, नुसती रसवंतीवर बस. आजी आहेत, नवरा आहे, त्यांनी सांभाळावं. हा तास ज्या घरात मिळणार नाही त्या घरात मी होमस्कूलिंग करू नका असंच सांगते, मग मूल कितीही हुशार असो.

मोबाइलचं विचारलंयस, तर हो, आमच्याकडेही लावला जायचा, ताप आला की किंवा मला कोणाशी बँकेचं बोलायचं असलं की. त्याचा बाऊ करू नकोस.

तुझ्या जागी मी असते तर शाळेचा फॉर्म भरून ठेवला असता, फी भरायच्या तारखेपर्यंत वेळ आहे, आणि आत्तापासून तोपर्यंत असे दिवस काढून बघितले असते. सुट्टीचे नाही, साधे, सोमवार ते शुक्रवार. जूनला घरीच ठेवलंस आणि दिवाळीपर्यंत लक्षात आलं की दिवसभर नुसती ओरडतेयस, तर कलम १५ प्रमाणे वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही, मनपाच्या शाळेत सहज होतो, खासगीत जागा असेल तसं. नाशिकमध्ये घरी शिकवणारं माझ्या ओळखीचं एक कुटुंब आहे, त्यांची मुलं आता मोठी आहेत पण सुरुवातीचं सगळं त्यांनी केलंय. त्यांना विचारून तुला मेसेज करते, सासूबाईंनाही घेऊन जा त्यांच्याकडे, त्यांच्या घरीही आजी आहेत.